हेल्मीबाईंचा शेवटचा अंक

फिनिश भाषेतलं एक वाक्यही मला धड बोलता येत नाही. तरीही अमेरिकेतल्या फिनिश बायकांच्या एका जुन्या मासिकाची अक्षरजुळणी मी सहा-सात वर्षं केली, अगदी त्याच्या शेवटच्या अंकापर्यंत. आमच्या महाराष्ट्र मंडळात हे सांगितलं की लोक आधी हसतात. एक काका तर प्लेट हातात धरून म्हणाले होते, "म्हणजे वहिनी, आपण काय छापतोय हेच तुम्हाला कळत नव्हतं?" कळत नव्हतं, हे खरंच. पण ज्यांना कळत होतं त्यांच्या शेजारी बसून मी ते काम केलं. त्यातल्या एका बाईंबद्दल कधीतरी लिहायचं होतं. दिवाळी अंकाच्या निमित्ताने आज लिहिते आहे.

आम्ही मिशिगनमध्ये ट्रॉयला राहत होतो. माझे यजमान श्रीकांत मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. ऐंशीच्या दशकाची सुरुवात डेट्रॉइटच्या आसपास फार वाईट गेली. रोज कोणाच्या ना कोणाच्या लेऑफची बातमी यायची. श्रीकांतची नोकरी टिकली, पण भरवसा उरला नाही, म्हणून मीही काहीतरी शोधायचं ठरवलं. लग्नाआधी अमरावतीला मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवत असे. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की माझी लाल पेन्सिल थांबत नसे, त्यामुळे मुली मला बऱ्याच घाबरायच्या. ट्रॉयमध्ये त्याचा काय उपयोग? टायपिंग बरं होतं, म्हणून कम्युनिटी कॉलेजात टाइपसेटिंगचा कोर्स केला आणि तिथल्याच बोर्डावर एक चिठ्ठी पाहिली. मासिकासाठी टाइपसेटर हवी, भाषा येण्याची गरज नाही. कुठली भाषा, ते लिहिलंच नव्हतं.

डेट्रॉइटच्या कडेला विटांची एक बैठी इमारत होती. पुढे ऑफिस, मागे छपाईचं मशीन. दार उघडलं आणि वेलदोड्याचा वास आला. मी दारातच थांबले. फिनिश लोक त्यांच्या गोड पावात वेलदोडा घालतात, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मात्र आत कोणीतरी शिरा करतंय असंच वाटलं.

टेबलामागे सत्तरीच्या आसपासची एक बाई बसली होती. पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, गळ्यात चष्म्याची साखळी. या संपादक, हेल्मी. मी त्यांना पहिल्या दिवसापासून मनात हेल्मीबाई म्हणत आले. त्यांनी एक फिनिश मजकुराचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि मशीनकडे बोट दाखवलं. मी एकेक अक्षर बघत टाइप केलं. शब्द लांबच लांब, त्यात अक्षरं जोडी-जोडीने आलेली. हेल्मीबाईंनी कागद ताडून पाहिला.

"तुला यातलं काय कळलं?"

"काहीच नाही," मी खरं ते सांगितलं.

"उत्तम. सोमवारपासून ये."

मागून एक उंच, वाकलेले गृहस्थ शाई पुसत आले. हेल्मीबाईंनी त्यांना ओरडून माझं उत्तर सांगितलं, तसे ते खो खो हसले. हे आर्वो, छपाई सांभाळणारे. माझ्या मुलीने पुढे त्यांना आर्वोकाका केलं आणि माझ्याही तोंडी तेच बसलं. जन्मभर मशीनच्या आवाजात काम करून त्यांचे कान गेले होते. त्यांच्याशी सगळ्यांना ओरडूनच बोलावं लागे. त्यांनी मला हसण्याचं कारण सांगितलं. माझ्याआधी आलेल्या अमेरिकन मुली माझ्याहून वेगाने टाइप करत, पण त्यांचं डोकं मध्ये यायचं. फिनिश शब्दात दोन 'ए' असले की ती चूक समजून त्या एक काढून टाकत. मला इंग्रजी येत होतं, पण ऱ्हस्व आणि दीर्घ हा माझा जन्माचा व्यवसाय होता. दोनाचा एक करायला माझा हात धजला नसता.

घरी आल्यावर मी श्रीकांतला म्हटलं, "अरे, फिनिश आहे."

"जॉब मिळाला ना? मग कुठल्या का लँग्वेजमध्ये असेना," तो म्हणाला.

मासिकाचा इतिहास मला हेल्मीबाईंनी एकदम कधी सांगितला नाही. दुपारी कॉफीला बसलं की थोडा थोडा यायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिनलंडमधून पुरुष इथल्या तांब्याच्या आणि लोखंडाच्या खाणींत आले. मुलीही आल्या, एकट्या, सोळा-सतराव्या वर्षी, आणि श्रीमंतांच्या घरी धुणी-भांडी, स्वयंपाक करायला लागल्या. त्यांना वाचता येत होतं, कारण त्यांच्या देशात मुलींनाही वाचायला शिकवत. पण वाचायचं काय? घरमालकिणीची इंग्रजी मासिकं त्यांना कळत नव्हती. गुरुवारी दुपारी सुटी असे, तेव्हा अशा काही मोलकरणी एका चर्चच्या तळघरात जमत. त्यांनी ठरवलं की आपलं मासिक आपणच काढायचं. त्यात सगळं होतं: बाळाचं दूध कसं उकळायचं, खाणीत नवरा गेला तर भरपाई कशी मागायची, मतदानाचा हक्क, विणकामाचे नमुने, क्रमशः कादंबरी, मुलांचं पान, आणि घरापासून लांब असलेल्या वाचकांचे अनुभव. हेल्मीबाईंची आई त्या मोलकरणींतली एक.

"मी वाचायला शिकले ती याच मासिकावर," त्या म्हणाल्या होत्या. "आई पीठ मळायची आणि मी तिला मोठ्याने वाचून दाखवायची. कुठे अडखळले की ती न बघता सांगायची."

आता माझं काम काय होतं ते सांगते, कारण ते काम आता जगातून गेलं. टाइपसेटिंगचं मशीन म्हणजे कीबोर्ड आणि वर एक बोटभर खिडकी. त्यात टाइप केलेली एकच ओळ दिसायची. ती ओळ पुढे सरकली की मशीन प्रकाशाने फोटोच्या कागदावर अक्षरं उमटवी. तो कागद रसायनातून काढला की व्हिनेगरसारखा वास येई. वाळल्यावर मजकुराच्या लांब पट्ट्या कापायच्या, पाठीला पातळ मेण लावायचं आणि जाड कागदावर पान मांडायचं. त्या कागदावर फिक्या निळ्या रेघा असत. कॅमेऱ्याला तो निळा रंग दिसत नाही, म्हणून रेघा आपल्याला दिसतात, पण छापल्या जात नाहीत. पट्टी केसभर तिरकी लागली तरी वाचणाऱ्याचा डोळा अडतो. मला ते काम आवडे. शांत काम होतं.

आमचं मशीन सेकंडहँड, इंग्रजी अक्षरांचं. फिनिशमध्ये काही 'ए' आणि 'ओ'च्या डोक्यावर दोन टिंबं असतात, ती त्यात नव्हती. ती टिंबं मी बारीक पेनाने हाताने द्यायची, वहीत अनुस्वार द्यावेत तशी. एकदा वाचकांच्या पानावर दोन टिंबं राहिली. एका आजींनी लिहिलं होतं की अमेरिकेत उतरल्यावर बंदरावर मी पहिल्यांदा पाद्र्यांना पाहिलं. टिंबं नसल्याने त्याचा अर्थ झाला, मी पाद्र्यांशी लग्न केलं. हेल्मीबाईंनी प्रुफात पकडलं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाल्या, "आता तुला कळलं, टिंब म्हणजे काय ते."

प्रुफं आम्ही दोघी मिळून तपासायचो. मी छापलेलं मोठ्याने वाचायची आणि त्या हातात मूळ प्रत घेऊन ऐकायच्या. फिनिश जसं लिहितात तसंच बोलतात, आपल्यासारखंच. तुलि म्हणजे आग, तूलि म्हणजे वारा आणि तुल्लि म्हणजे जकात. अमेरिकन माणसाला तिन्ही सारखेच ऐकू येतात. मला नाही येत. वर्षभरात मी अर्थ न कळता अस्खलित वाचायला लागले. कधी डिलिव्हरीवाला आला तर त्याला वाटे, ही कुठली सावळी फिनिश बाई!

वाचकांचा त्या मासिकावर किती विश्वास होता, ते मला एका मोज्यावरून कळलं. विणकामाच्या पानावर दोन पट्ट्यांची अदलाबदल झाली आणि टाच घोट्याच्या आधी आली. बऱ्याच जणींचे फोन आले. पण उत्तरेकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी छापलं होतं तसाच मोजा विणून पोस्टाने पाठवला. टाच नडगीवर. सोबत दोन ओळी होत्या. हेल्मीबाईंनी मला अर्थ सांगितला: "मला हा पायात घालता आला नाही. नवीन पद्धत असेल तर कसा घालायचा ते कळवावं." आर्वोकाका हसायला लागले, पण हेल्मीबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच दिवशी त्या बाईंना स्वतः फोन केला.

हसण्याच्या गोष्टी अशा होत्या, पण खरं सांगायचं तर त्या ऑफिसावर हळूहळू छाया येत होती. मृत्युवार्तांचा एक रकाना होता, त्याचं अर्धं पान झालं, मग पान. पोस्टातून परत येणारे अंक एका खोक्यात पडत. वाचक निवर्तले असा शिक्का त्यांच्यावर असे. एकदा एक म्हातारे इटालियन गृहस्थ बराच लांबून गाडी चालवत वर्गणी भरायला आले. त्यांची फिनिश बायको वारली होती आणि त्यांना स्वतःला ती भाषा येत नव्हती. "तिच्या खुर्चीवर दर महिन्याला अंक असायचा," ते म्हणाले. "तो बंद नका करू." हेल्मीबाईंनी त्यांना कॉफी दिली, वेलदोड्याचा पाव दिला आणि वर्गणीची पावती लिहून दिली.

शेवटी, मासिक पुढे चालवायचं की नाही ते ठरवायला समितीची सभा झाली. समितीत सात-आठ बायका, सगळ्या साठीपुढच्या. त्या दिवशी हेल्मीबाईंची मुलगी कॅरनही आली होती. चाळिशीची, लान्सिंगला शाळेत केमिस्ट्री शिकवणारी, नीटनेटकी, घाईतली. तिला फिनिश येत नव्हतं. एवढी वर्षं मी तिथे होते, पण हे मला त्या दिवशी कळलं आणि धक्का बसला.

"मॉम, अर्धी पानं इंग्लिशमध्ये कर," कॅरन म्हणाली. "आमच्या पिढीला इंटरेस्ट आहे. आम्हाला वाचताच येत नाही, त्याला आम्ही काय करणार?"

"इंग्रजीत मासिकं भरपूर आहेत," हेल्मीबाई म्हणाल्या. "त्यातलं कुठलंही घे."

"मला ती नकोयत. मला हे हवंय."

"हे इंग्रजीत केलं तर हे राहणार नाही."

आर्वोकाकांचं मत कॅरनच्या बाजूचं होतं. ते त्यांनी त्यांच्या मोठ्या आवाजात सांगितलं. त्यांची आणि हेल्मीबाईंची चांगलीच जुंपली. हेल्मीबाई ऐकेनात. मग समितीने मत घेतलं आणि ठरलं की ख्रिसमसचा अंक काढायचा आणि थांबायचं. ठराव हेल्मीबाईंनीच लिहून घेतला. अक्षर नेहमीसारखं सरळ होतं. मला म्हणाल्या, "शेवटच्या अंकात पहिलं पान मोकळं ठेव. मी लिहीन."

त्या शरद ऋतूत पानगळ संपत आली असताना हेल्मीबाईंना पक्षाघाताचा झटका आला. सकाळी शेजारणीने पाहिलं. जीव वाचला, उजवी बाजू गेली. आठवडाभराने आर्वोकाका आणि मी हॉस्पिटलात गेलो तेव्हा कॅरन दाराबाहेर उभी होती. डोळे सुजलेले.

"ती बोलतेय," ती म्हणाली, "पण इंग्लिश गेलं. पूर्ण गेलं. थोडंफार समजतं तिला, पण तोंडातून येतं ते फक्त फिनिश. डॉक्टर म्हणतात कधीकधी असं होतं, लहानपणची भाषा तेवढी राहते. माझी आई माझ्याशी बोलतेय आणि मला एक शब्द कळत नाही, नलिनी."

आम्ही आत गेलो. हेल्मीबाई उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा एका बाजूला ओघळलेला. आम्हाला पाहून त्या काहीतरी म्हणाल्या. आवाज इतका बारीक की ओठांजवळ कान न्यावा लागे. आर्वोकाका वाकले, कानामागे हात धरला, पुन्हा वाकले. त्यांना ऐकूच येईना. त्या खोलीत फिनिश समजणारा एकच माणूस होता, आणि तो बहिरा. त्यांचा चेहरा मला बघवेना.

हेल्मीबाई पुन्हा तेच म्हणाल्या. मी उशीच्या बाजूला होते, मला नीट ऐकू आलं. आणि रोज प्रुफं वाचायची सवय असल्याने मी ते जसंच्या तसं मोठ्याने म्हटलं. अर्थ मला ठाऊक नव्हता. आर्वोकाकांनी झटकन माझ्याकडे पाहिलं.

"परत म्हण."

मी परत म्हटलं.

"ती विचारतेय," ते कॅरनकडे वळून म्हणाले, "माझ्या कुंड्यांना पाणी घातलं का?"

कॅरन रडता रडता हसायला लागली. "घातलं. सांगा तिला, घातलं."

समितीतल्या बायका वयस्कर, रोज येणं त्यांना जमत नव्हतं. त्या दिवसापासून आमची अशी साखळी झाली. हेल्मीबाई बोलत, मी ते आवाज मोठ्याने आर्वोकाकांपर्यंत नेत असे, आणि ते त्याचा अर्थ कॅरनला सांगत. मी कामावरून निघून थेट तिकडे जायची. सकाळच्या ऐवजी दुपारी भेटण्याची परवानगी नर्सने आम्हाला दिली होती. श्रीकांत आमच्या मुलीला, मुग्धाला, शाळेतून घेऊन येई.

आणि मग ते मोकळं पान. समिती म्हणाली, साधी सूचना छापू, संपादक आजारी आहेत, मासिक थांबत आहे. आर्वोकाका म्हणाले, "तिचे शब्द नसतील तर मी मशीन चालवणार नाही." नर्सिंग होममध्ये हलवल्यावर एका दुपारी हेल्मीबाईंनी स्वतःच मला डाव्या हाताने खूण केली, लिही.

मी कागद घेतला. त्या थांबत थांबत बोलू लागल्या. एकेका वाक्याला बराच वेळ लागे. मला वाटलं होतं मी फिनिश स्पेलिंग लिहीन, पण कानावर पडलेलं उतरवताना माझा हात आपोआप देवनागरीकडे गेला. जोडाक्षरं होती, ऱ्हस्व-दीर्घ होतं, त्यांच्या टिंबवाल्या 'ए'ला आपला 'ॲ' चालत होता. टिंबवाल्या 'ओ'ला आपल्याकडे अक्षर नाही, त्याच्या डोक्यावर मी फुली मारत गेले. दोन दुपारी लागल्या. मग ऑफिसात येऊन ते फिनिश स्पेलिंगमध्ये उतरवलं आणि आर्वोकाकांना दाखवलं. त्यांनी काही चुका काढल्या, फार नाही. वाचून झाल्यावर त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि मागच्या खोलीत जाऊन बराच वेळ नुसतंच मशीन पुसत बसले.

हेल्मीबाईंनी काय लिहवून घेतलं होतं ते आर्वोकाकांनी मला नंतर सांगितलं. थोडक्यात असं: "दुसऱ्याच्या घरची फरशी पुसणाऱ्या मुलीशी महिन्यातून एकदा तरी कोणीतरी तिच्या भाषेत बोलावं, म्हणून हे मासिक निघालं. त्या मुली आता नाहीत. त्यांच्या नाती दुसऱ्यांच्या फरशा पुसत नाहीत. म्हणजे ज्या कामासाठी हे निघालं ते काम झालं. आम्ही थांबतो आहोत, हरलो म्हणून नाही. हे अंक पेटीत जपून ठेवू नका. ज्याला वाचता येतं त्याला द्या. ज्याला येत नाही त्याला वाचून दाखवा."

अंक छपाईला जायच्या आधीची एक भेट मात्र मी कधी विसरणार नाही. बाहेर बर्फ पडत होतं, खोलीत आम्ही चौघं. कॅरन पलंगाच्या पायाशी बसली होती. एकदम आर्वोकाकांना म्हणाली, "तिला विचारा, मला का नाही शिकवलं?"

"काय?" आर्वोकाकांना ऐकू आलं नाही.

"मला फिनिश का नाही शिकवलं! विचारा!" ती ओरडली. दारातून जाणारी नर्स थांबली.

"आत्ता कशाला, कॅरन?" आर्वोकाका म्हणाले.

"आत्ताच. नंतर कोणाला विचारू?"

त्यांनी विचारलं. हेल्मीबाईंनी मुलीकडे मान वळवली. मग बोलल्या, तुकड्या-तुकड्याने. मी एकेक तुकडा उचलून मोठ्याने म्हणत गेले. मी कॅरनच्या आयुष्यातलं काय उचलून नेते आहे ते मला तेव्हा कळत नव्हतं. आर्वोकाका बोलायला लागले तेव्हा कळलं.

"ती म्हणते, तू सात वर्षांची होतीस. शाळेच्या पिकनिकला तिने तुला आपल्या भाषेत हाक मारली. घरी आल्यावर तू तिला म्हणालीस, माझ्या मैत्रिणींसमोर पुन्हा असं बोलू नकोस."

"मला आठवत नाही," कॅरन म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मला खरंच आठवत नाही."

हेल्मीबाई आणखी काही म्हणाल्या. मी म्हटलं. आर्वोकाका पुन्हा कॅरनकडे वळले.

"ती म्हणते, तू लहान होतीस. तुला काय कळत होतं? मी मोठी होते. मी तुझं ऐकायला नको होतं."

कॅरनने आईच्या पांघरुणावर डोकं ठेवलं. हेल्मीबाईंचा चालणारा हात तिच्या केसांपर्यंत पोहोचत नव्हता, तो मी उचलून तिथे ठेवला.

त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा मुग्धा आणि तिची मैत्रीण जेनी किचनमध्ये होत्या. मी म्हटलं, "मुग्धा, हात धुऊन घे, थालीपीठ लावते." मुग्धाने जेनीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, इन इंग्लिश, प्लीज! शी डझन्ट अंडरस्टँड." रोज असंच म्हणायची आणि रोज मी लगेच इंग्रजीवर जायची. त्या दिवशी मी तिला मराठीतच परत सांगितलं आणि मग जेनीला इंग्रजीत. मुग्धाने तोंड वाकडं केलं. पण हात धुतले. पुढेही मी हा नियम सोडला नाही. आज मुग्धा मराठी बोलते, अडखळत का होईना. वाचायला मात्र मी तिला शिकवू शकले नाही. शुद्धलेखनाच्या बाईची मुलगी, आणि हा लेखसुद्धा तिला मलाच वाचून दाखवावा लागेल. ती रुखरुख आहे.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. ख्रिसमसचा अंक निघाला. आर्वोकाकांनी मशीन शेवटचं बंद केलं आणि वसंतात ते विकून टाकलं. जुने अंक एका विद्यापीठाच्या लायब्ररीने घेतले. मी डाउनटाउनमध्ये एका जाहिरात कंपनीत लागले. तिथे लवकरच सगळं कॉम्प्युटरवर आलं, मेण आणि कात्र्या गेल्या. बर्फ वितळल्यावर हेल्मीबाई गेल्या. पण त्यांना शेवटचा अंक मिळाला, तो दिवस सांगायचा राहिला.

अंक छापून आला तेव्हा कॅरन ऑफिसात आली होती. तिने पहिलं पान उघडलं, बोट फिरवलं आणि मला म्हणाली, "तू आईला प्रुफं वाचून दाखवायचीस ना? मला शिकव."

"मला अर्थ येत नाही, कॅरन."

"अर्थ मला आर्वोने सांगितलाय. वाचायला शिकव."

नर्सिंग होमच्या पॅसेजमध्ये खुर्च्या टाकून आम्ही बसलो. अमरावतीत पहिलीच्या मुलींना शिकवावं तसं मी तिला शिकवलं. व्यंजन दोनदा आलं की थांबायचं, स्वर दोनदा आला की लांबवायचा, शब्दाच्या पहिल्या अक्षरावर भर. ती केमिस्ट्रीची बाई, पेन्सिलीने खुणा करत होती. तीन-चार दिवस ती लान्सिंगहून रोज आली. आम्ही तेवढं एक पान घोटलं.

मग एका सकाळी ती आत गेली, आईच्या जवळ खुर्ची ओढून बसली आणि वाचायला लागली. हेल्मीबाईंना काय चाललंय ते आधी समजलं नसावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आर्वोकाकांकडे पाहिलं आणि मग मुलीच्या तोंडाकडे. पहिलाच शब्द 'प्रिय' या अर्थाचा होता. दर अंकाची सुरुवात त्याच शब्दाने असे, म्हणून तेवढा मला माहीत होता. कॅरनने तो घाईत, आखूड म्हटला. हेल्मीबाईंनी डावं बोट वर केलं. कॅरन थांबली.

"रक्कात," हेल्मीबाई म्हणाल्या. 'क्क' ठसठशीत आणि पुढचा 'आ' लांब.

मी सवयीने ते आर्वोकाकांना मोठ्याने सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"रक्कात," कॅरन म्हणाली.

हेल्मीबाईंनी मान हलवली आणि बोटाने पुढच्या शब्दाकडे खूण केली. कॅरनने पुढचा शब्द वाचला. पुन्हा बोट वर झालं. पुन्हा तिने तो नीट म्हटला. अशा गतीने ते पान संपायला दुपार झाली असती. आर्वोकाकांनी मला दाराकडे खूण केली आणि आम्ही दोघं हळूच बाहेर आलो. आत आता आमचं काही काम नव्हतं.